राजाची चाल आणि ऑपरेटरचा हात
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

मागील अंकात जुन्या वृत्तचित्रांच्या रिळांवर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. राजेरजवाड्यांचे समारंभ त्या रिळांत कसे उरले आणि संग्राहकांनी व ऑपरेटरांनी (चित्रगृहात चित्र दाखवण्याचे यंत्र चालवणाऱ्यांनी) ते कसे सांभाळले, असा त्याचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न (मिरज) : व्हिक्टोरिया राणीच्या अंत्ययात्रेची चित्रफीत पाहिली. त्यात राजे आणि सरदार लगबगीने पळत असल्यासारखे दिसतात. दुःखाचा प्रसंग असूनही पाहताना हसू येते. त्या काळचे कॅमेरे सदोष होते काय?

उत्तर : कॅमेरे सदोष नव्हते. ते हाताने फिरवायचे होते. कॅमेऱ्याच्या दांड्याचा एक फेरा पूर्ण झाला की बहुतेक यंत्रांत आठ चौकटी, म्हणजे पट्टीवरची एकेक स्थिर चित्रे, पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे घ्यायचे, म्हणजे सोळा चौकटी, असा सर्वसाधारण रिवाज होता. पुढे बोलपट आला तेव्हा आवाजासाठी वेग कायम असणे भाग पडले आणि सेकंदाला चोवीस चौकटी हे मान ठरले. सोळाच्या वेगाने घेतलेले चित्र चोवीसच्या वेगाने दाखवले, तर एका मिनिटाचा प्रसंग चाळीस सेकंदांत उरकतो. हजार फूट पट्टीचे रीळ मूळ वेगाने सुमारे पावणेसतरा मिनिटे चालते आणि बोलपटाच्या यंत्रावर तेच अकरा मिनिटांत संपते. आपण पाहिलेला राजा पळत नाही. त्याला पळवले आहे.

काही चित्रसंग्रहांनी यावर उपाय म्हणून दर दुसरी चौकट दोनदा छापली. त्यामुळे सरासरी वेग बरोबर येतो, परंतु चाल अडखळत जाते, आणि अनेकांना जे ‘जुन्या चित्रपटाचे वैशिष्ट्य’ वाटते ते प्रत्यक्षात या छपाईचे वैशिष्ट्य असते. मूकपटाच्या काळातील चांगला ऑपरेटर पडद्यावरच्या माणसांची पावले पाहून वेग सांभाळत असे. रात्रीचा खेळ लवकर आटोपायचा असेल तर तोच ऑपरेटर वेग वाढवतही असे. राजाची ऐट पडद्यावर किती टिकेल हे अशा रीतीने मागच्या केबिनमध्ये ठरत होते, आणि जुन्या संग्राहकांना विचारल्यास ते ही गोष्ट सर्वांत आधी सांगतात.

आपण उल्लेखिलेली अंत्ययात्रा २ फेब्रुवारी १९०१ रोजी लंडनमध्ये निघाली. तिचे चित्रण करणाऱ्यांपैकी सेसिल हेपवर्थ यांनी पुढे आठवण सांगितली आहे की, त्या शांततेत त्यांच्या कॅमेऱ्याचा खडखडाट फार मोठा वाटला, सातव्या एडवर्ड राजाचे तिकडे लक्ष गेले आणि चित्र नीट यावे म्हणून तो क्षणभर थांबला. ही आठवण चित्रण करणाऱ्याची स्वतःची आहे, तेव्हा ती थोडी सावधपणे घ्यावी. तथापि राजघराण्याला कॅमेरा नवा नव्हता. ऑक्टोबर १८९६ मध्ये बालमोरल येथे व्हिक्टोरियाचे स्वतःचे चलच्चित्र घेतले गेले होते आणि त्याची नोंद तिच्या रोजनिशीत आहे.

प्रश्न (बडोदे) : १९११ च्या दिल्ली दरबारात महाराज सयाजीराव गायकवाड यांनी पंचम जॉर्ज बादशहाला पाठ दाखवली, असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. त्या प्रसंगाची फिल्म उपलब्ध आहे असेही ऐकतो. मग नक्की काय घडले याचा निकाल ती फिल्म पाहून लावता येणार नाही काय?

उत्तर : फिल्म आहे, आणि तरीही वाद मिटत नाही. हा प्रश्न महत्त्वाचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

दरबार १२ डिसेंबर १९११ रोजी भरला. संस्थानिकांनी एकामागून एक पुढे यायचे, बादशहा आणि राणी यांच्यासमोर लवून वंदन करायचे आणि पाठ न दाखवता काही पावले मागे सरायचे, असा शिरस्ता ठरला होता. निजामापाठोपाठ सयाजीराव आले. त्यांच्या अंगावर अपेक्षेइतके दागिने नव्हते, हातात छडी होती, वंदन आखडते होते आणि ते वळून चालू लागले, असे इंग्रजी वर्तमानपत्रांनी छापले. काहूर उठले. सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र पाठवून खुलासा केला की गोंधळून गेल्यामुळे चूक झाली आणि अवमानाचा हेतू नव्हता. इंग्रजांचा संशय त्याआधीपासूनचा होता. अरविंद घोष १९०६ पर्यंत बडोद्याच्या नोकरीत होते आणि राष्ट्रीय चळवळीतील माणसांना बडोद्यात आसरा मिळतो अशी सरकारची धारणा होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेला हा राजा इतर संस्थानिकांसारखा वागत नाही, ही तक्रार दरबारापूर्वीही ऐकू येत होती.

आता फिल्मकडे येऊ. दरबारात एकाहून अधिक कंपन्यांचे कॅमेरे होते. प्रसंगाचा तुकडा लंडनच्या चित्रगृहांत दाखवला गेला आणि वर्तमानपत्रांनी त्याकडे पुरावा म्हणून बोट दाखवले. एका राजाच्या वागणुकीचा खटला पडद्यावर चालावा, ही त्या काळात अगदी नवी गोष्ट होती. परंतु हा साक्षीदार कसा आहे ते पाहावे. कॅमेरा दूर आहे. कोन एकच आहे. चेहऱ्यावरचा भाव वाचता येईल इतके चित्र जवळचे नाही. त्यातून वर सांगितलेला वेगाचा घोळ आहे. सोळाच्या आसपासच्या वेगाने घेतलेले वंदन चोवीसने दाखवले की संथ वंदनही तुटक वाटते आणि साधे वळणेही ताडकन वळल्यासारखे दिसते. हाच तुकडा आज संगणकावर पाहणाऱ्याला महाराजांची बेफिकिरी जितकी दिसते, तितकी ती तेथे उपस्थित असणाऱ्यालाही दिसली असेल असे समजण्याचे कारण नाही. पुढेमागे आलेल्या इतर संस्थानिकांची वंदनेही त्याच वेगाने, सलग पाहिल्याशिवाय कोणतेही अनुमान काढू नये. एकटा तुकडा कापून दाखवला की तो काहीही सिद्ध करतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, सयाजीरावांना बादशहापुढे झुकण्याची हौस नव्हती हे त्यांच्या एकूण चरित्रावरून मान्य करता येते. त्यासाठी या काही सेकंदांच्या पट्टीवर भार टाकण्याची गरज नाही.

याच दरबाराची दुसरी एक फिल्म ऑपरेटरांच्या दृष्टीने अधिक नवलाची आहे. चार्ल्स अर्बन यांनी किनेमाकलर पद्धतीने दरबाराचे आणि बादशहाच्या दौऱ्याचे चित्रण केले. २ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनच्या स्काला थिएटरात सुमारे अडीच तासांचा तो खेळ सुरू झाला. जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी शोधलेल्या या पद्धतीत पट्टी कृष्णधवलच असे. कॅमेऱ्यापुढे लाल आणि हिरव्या काचेची चकती फिरे, त्यामुळे एक चौकट लाल प्रकाशाची आणि पुढची हिरव्या प्रकाशाची अशी नोंद होई. दाखवतानाही तशीच चकती फिरवून, नेहमीच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला सुमारे बत्तीस चौकटींच्या वेगाने खेळ चालवावा लागे. पट्टी चढवताना ऑपरेटर एका चौकटीने चुकला तर लालचे हिरवे आणि हिरव्याचे लाल होई. बादशहाचा झगा आणि शिपायांचे लाल डगले यांचा रंग राखणे हे त्या एका माणसाच्या नजरेवर अवलंबून होते. त्या अडीच तासांपैकी आज फार थोडा भाग शिल्लक आहे. पट्टीवर रंग नसल्यामुळे अशी रिळे साधी कृष्णधवल समजून बाजूला पडण्याचा धोका नेहमीच असतो. लागोपाठच्या दोन चौकटींत एकच लाल कापड एकदा उजळ आणि एकदा काळपट दिसत असेल, तर संग्राहकाने ते रीळ पुन्हा एकदा पाहावे.

प्रश्न (गिरगाव, मुंबई) : एका प्रदर्शनात पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरतानाचे चित्रण दाखवले. त्यात गेटवे ऑफ इंडिया कोठेच दिसत नाही. हे चित्रण दुसऱ्या गावचे असावे का?

उत्तर : नाही. गेटवे दिसत नाही हीच ते चित्रण अस्सल असल्याची एक खूण आहे. बादशहा २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत उतरला तेव्हा बंदरावर केवळ स्वागतासाठी उभारलेला तात्पुरता मंडप होता. त्या आगमनाचे स्मारक म्हणून गेटवेची पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला त्या दिवशीही गेटवेचे काम पुरे झालेले नव्हते. त्या आगमनावर बहिष्कार होता आणि शहरात दंगल उसळून पुढील काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसे मेली. दोनच दिवसांनी त्याच राजपुत्राच्या हस्ते पुण्यात, शाहू महाराजांच्या पुढाकाराने, शिवस्मारकाची कोनशिला बसवली गेली. स्वागताचे रीळ हाती आले तर त्या आठवड्याची वर्तमानपत्रे शेजारी ठेवून ते पाहावे, अन्यथा सारे शहर हार घेऊनच उभे होते अशी समजूत होते.

रीळ केव्हाचे हे ठरवायला कोडॅकच्या पट्टीच्या कडेला वर्षाची खूणही असते. १९१६ साठी वर्तुळ, १९१७ साठी चौकोन, १९१८ साठी त्रिकोण अशी ती मालिका आहे, आणि वीस वर्षांनी त्याच खुणा पुन्हा येतात. म्हणून वर्तुळ दिसले तर १९१६, १९३६ किंवा १९५६ असा अर्थ होऊ शकतो. ही खूण पट्टी तयार झाल्याचे वर्ष सांगते, समारंभाचे नव्हे. शिवाय जुन्या पट्टीवरून नवी प्रत काढताना जुनी खूणही छापली जाते.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड) : येथील चित्रगृहात एके काळी ऑपरेटर असलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. एलिझाबेथ राणीच्या निधनानंतर ते म्हणाले की, ‘आम्ही तिला रोज रात्री पाहत होतो.’ याचा अर्थ काय असावा?

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांनी नेमके काय मनात धरून हे म्हटले ते तेच सांगू शकतील, पण त्यांच्या पिढीच्या ऑपरेटराला असे वाटण्यास सबळ कारणे आहेत. ब्रिटनमधील चित्रगृहांत शेवटचा खेळ संपला की राष्ट्रगीत वाजवण्याची पद्धत होती. कोठे तबकडी लावत, कोठे त्यासाठी वेगळी छोटी पट्टी असे आणि तिच्यावर राजाचे किंवा राणीचे चित्र असे. ही प्रथा १९७० च्या सुमारास मावळली. तोपर्यंत प्रेक्षकांची एक वेगळीच शर्यत चाले. श्रेयनामावली सुरू होताच, गीताचा पहिला सूर येण्याआधी, दाराबाहेर पडायचे. सूर सुरू झाला की थांबणे भाग होते, आणि शेवटची बस चुकत असे. ऑपरेटरला मात्र पळून जाण्याची सोय नव्हती. हजारो रात्री ज्याने ती पट्टी चढवली आणि उतरवली, त्याच्या डोळ्यांत राणीची जी मूर्ती आहे, ती ओरखड्यांसकट आहे.

त्याशिवाय वृत्तचित्रे होती. पाथे, गोमों ब्रिटिश, मूव्हीटोन या कंपन्यांची वृत्तचित्रे आठवड्यातून दोनदा बदलत, आणि एकच प्रत आधी मोठ्या चित्रगृहांत, मग लहान, स्वस्त चित्रगृहांत फिरत जाई. जहाजाचे जलावतरण, रुग्णालयाची कोनशिला, परदेश दौरा, घोड्यांची शर्यत, असे राजघराण्याचे दर्शन प्रेक्षकाला होई ते यातून. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सहावा जॉर्ज वारला तेव्हा देशभरची चित्रगृहे त्या दिवशी बंद ठेवण्यात आली. पुढील वर्षी २ जून १९५३ रोजी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. तो दोन कोटींहून अधिक लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला खरा, पण ते चित्र कृष्णधवल आणि लहान होते. रंगीत राज्याभिषेक पाहायचा तर चित्रगृहात जावे लागे. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या निवेदनाचा टेक्निकलर चित्रपट अवघ्या काही दिवसांत तयार होऊन तेथे लागला. राणीला पवित्र तेल लावण्याचा विधी कॅमेऱ्याला पाहू दिला नव्हता. त्याआधी १९३७ च्या राज्याभिषेकाची फिल्म तर पडद्यावर जाण्यापूर्वी कँटरबरीच्या आर्चबिशपांनी स्वतः पाहून मंजूर केली होती.

संग्राहकांमध्ये या १९५३ च्या टेक्निकलर प्रतींना मान आहे, आणि त्याचे कारण राजनिष्ठा नसून रसायन आहे. टेक्निकलरच्या प्रतीवर रंग छापखान्यातल्यासारखे एकावर एक उमटवले जात आणि ते टिकत. त्यानंतरच्या ईस्टमनकलर प्रती काही दशकांत गुलाबी पडतात. म्हणून १९५० च्या दशकातील राणी अजून लालभडक झग्यात दिसते आणि १९७० च्या दशकातील तीच राणी, तिचे घोडे आणि खालचे गवत, सारे एकाच गुलाबी रंगात न्हालेले असते.

भारतातही १९६२ च्या युद्धानंतर चित्रगृहांत राष्ट्रगीत वाजू लागले आणि आपल्याकडील जुन्या ऑपरेटरांनाही शेवटच्या खेळानंतरची तीच धावपळ आठवते. महाराष्ट्रात २००३ पासून ते खेळाच्या आधी आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते देशभर सक्तीचे केले आणि जानेवारी २०१८ मध्ये ऐच्छिक ठरवले.

प्रश्न (सोलापूर) : सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची फिल्म खोटी आहे, हे खरे का?

उत्तर : एक फिल्म नक्कीच नाटकी आहे. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी अर्बन यांच्यासाठी तो सोहळा पॅरिसजवळच्या आपल्या स्टुडिओत, राजाशी तोंडवळा जुळणारा माणूस उभा करून, आधीच चित्रित केला, कारण चर्चमध्ये कॅमेऱ्याला प्रवेश नव्हता. राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. राजाच्या आजारपणामुळे तो ९ ऑगस्टपर्यंत लांबला, तोवर पडद्यावरचा राज्याभिषेक डब्यात तयार होता. फसवणुकीचा आरोप मात्र मी करणार नाही. बाहेरच्या मिरवणुकीचे खरे चित्रण जोडून तो दाखवला गेला, आणि नाटक पाहण्याची सवय असलेल्या त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात गैर काही वाटले असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे सावेदादा भाटवडेकर यांनी १९०३ च्या दिल्ली दरबाराचे चित्रण केले, ते मात्र प्रत्यक्ष समारंभाचे.

प्रश्न (नाशिक) : वडिलांच्या ट्रंकेत १६ मिमीचे एक रीळ सापडले. डब्यावर इंग्रजीत ‘राज्याभिषेक, १९५३’ असे लिहिले आहे. डबा उघडताच आंबूस वास आला. जुनी फिल्म पेट घेते असे ऐकल्यामुळे घरचे घाबरले आहेत. काय करावे?

उत्तर : पेट घेण्याची भीती ३५ मिमीच्या जुन्या नायट्रेट पट्टीला असते. ती १९५० च्या सुमारापर्यंत वापरात होती, जळताना स्वतःच प्राणवायू निर्माण करते आणि पाण्याखालीही विझत नाही. याच धास्तीने ब्रिटनमध्ये १९०९ चा आणि आपल्याकडे १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला आणि ऑपरेटरची केबिन प्रेक्षकांपासून वेगळी, अग्निरोधक करावी लागली. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कितीतरी नायट्रेट रिळे गेली. राजघराण्यांनाही ही आग चुकली नाही. ४ मे १८९७ रोजी पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात चित्रपटाच्या यंत्रातील ईथरच्या दिव्यामुळे आग लागली आणि शंभराहून अधिक माणसांबरोबर ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीण, आलांसोंची डचेस, तीत मरण पावली. तेथे दोष पट्टीचा नव्हता, दिव्याचा होता.

आपले रीळ १६ मिमीचे आहे. १६ मिमीची पट्टी प्रथमपासून सुरक्षित, म्हणजे ॲसिटेटची बनवली जात असे, त्यामुळे घरच्यांना निश्चिंत करावे. १९३७ आणि १९५३ च्या राज्याभिषेकांच्या अशा घरगुती आवृत्त्या तेव्हा विकत मिळत. वास येतो तो ॲसिटेट विघटित होऊन सुटलेल्या व्हिनेगरचा. ही प्रक्रिया उलटवता येत नाही, मंदावता येते. रीळ इतर रिळांपासून दूर, थंड आणि कोरड्या जागी ठेवावे. हवाबंद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, कारण आतली आम्लाची वाफ कोंडून विघटन वाढते. मोह झाला तरी ते प्रोजेक्टरवर चढवू नये, कारण आकसलेल्या पट्टीची भोके यंत्राच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि ती फाटत जाते. आधी त्याची डिजिटल प्रत करून घ्यावी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे पत्राने विचारणा करावी आणि पत्रात पट्टीची रुंदी, अंदाजे लांबी, कडेची अक्षरे आणि वासाचा उल्लेख करावा. डबा गंजला असला तरी टाकून देऊ नये. त्यावरची चिठ्ठी, पेन्सिलीतील तारखा, पट्टीच्या तोंडाला कोणी लिहिलेले गावाचे नाव आणि जागोजागी घातलेले सांधे यांवरूनच ते रीळ कोणी, कोठे आणि किती वेळा दाखवले हे कळते. नवा डबा घेतलात तर जुन्या डब्याचे सर्व बाजूंनी छायाचित्र काढून ते पत्रासोबत जोडावे.